ओतूरच्या नणंदेची ओळ आणि ग्रीसचा डॉक्टर

ज्या ओळीत माझी उघड उघड टिंगल केलीय, तीच ओळ माझ्या नावावर ग्रीस देशात छापायला निघाली होती. म्हणजे टोमणा मारला माझ्या नणंदेनं, आणि परमुलखातली माणसं वाचणार की हिराबाईनं तो स्वतःच स्वतःला मारून घेतला. वर त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार, कारण ज्यानं ती ओळ तिकडं नेली त्यानं ती लई गोड करून नेलीय. आता तक्रार करू नको तर काय आरती करू?

हां, तर राम राम. मी हिराबाई, निरगुडसरची, तालुका आंबेगाव. हा ब्लॉग माझ्या नातीचा, स्वातीचा. ती मंचरला ऑफिसात जाते आणि सुट्टीला किल्ले चढून इथं फोटो टाकते. ह्या वेळची सफर माझ्यामुळं घडली, म्हणून लिहिणार मी. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि म्हशी ओढ्याअलीकडं होत्या, तिथंच शिक्षण संपलं. स्वातीनं माझं शुद्धलेखन तपासलंय. बोलणं तपासायला मी दिलेलं न्हाई.

आधी डॉक्टर कोण ते सांगते. त्याचं नाव निकोस. ग्रीस देशातल्या एका बेटावर त्याचा दवाखाना आहे. वय साठीच्या आसपास, अंगानं ताडमाड, डोक्यावर टक्कल आणि टकलावर सदानकदा कापडी टोपी. सकाळी कोळ्यांचे खोकले तपासतो, दुपारी दवाखान्याला कडी लावून कविता करतो. स्वतःच्या करतोच, शिवाय दुसऱ्यांच्या उचलून आपल्या भाषेत नेतो. तरुणपणी शिकायला म्हणून काही महिने पुण्यात होता, तिथं घरमालकिणीच्या बोलण्यानं मराठीची गोडी लागली, ती सुटली न्हाई. आता दर हिवाळ्यात येतो. मराठी बोलतो ते थेट लग्नपत्रिकेसारखं. पहिल्यांदा माझ्या अंगणात आला तेव्हा हात जोडून म्हणाला, “आपली परवानगी असल्यास मी येथे आसनस्थ होऊ इच्छितो.” मला वाटलं मतं मागायला आलाय.

कविता तो गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर लिहितो. नवी कविता झाली की पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा आणि कविता वाचून दाखवायची. पारा चढला तर कविता चांगली, जागचा हलला न्हाई तर फाडून टाकायची. मी विचारलं, “आन् त्या पेशंटचं काय?” म्हणाला, “त्यांस नंतर गोळी देतो.” माणूस माझ्या पसंतीला उतरला तो इथं.

गेल्या हिवाळ्यात त्यानं माझ्या जात्यावरच्या ओव्या मशीनमधी भरून नेल्या. आता जात्यावर ओवी कशी म्हणतात ते तुम्हा शहरातल्यांना माहीत नसणार. दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा चार हातांनी फिरवतात. आमच्यात रीत अशी, जिनं घास घातला, म्हणजे मूठभर धान्य जात्याच्या तोंडात सोडलं, तिनं पहिली ओळ टाकायची. जिचा हात खुंट्यावर राहिला तिनं दुसरी ओळ द्यायची. पहिली टाकणारीचं तोंड बंद करायला दुसरी असते. आणि एकटी म्हणायला बसलं तर दोघींचं आपणच म्हणायचं. मी डॉक्टरापुढं एकटी बसले होते, दोघींचं म्हणून मोकळी झाले. एक माझी, एक नणंदेची, हे सांगायचं मला सुचलंच न्हाई. सूर्य उगवला हे कोणी कोणाला सांगतं का?

ओवी अशी होती. मी म्हणायचे:

*नणंद आली माहेरा, दळण काढिलं सुपानं*

म्हणजे बाई खायला इतकी, की ती आली की मुठीनं दळून भागत न्हाई, सुपं भरून दळायला लागतं. त्यावर माझी नणंद ठकू खुंटा न थांबवता द्यायची:

*भावजय माझी राणी, पीठ सांडिती रूपानं*

म्हणजे हिचं ध्यान स्वतःच्या रूपात, अर्धं पीठ भुईवर. आता ह्या डिसेंबरात डॉक्टर छापायला जाणारी पानं घेऊन आला आणि त्याच्या ग्रीक ओळी मला मराठीत उलटून सांगितल्या: “बहीण माहेरी आली आणि धान्य ओसंडून वाहिले, वहिनी राणी झाली आणि तिचे सौंदर्य पिठासारखे घरभर पसरले.” खाली नाव, हिराबाई. मी हसून हसून उंबऱ्यावरच बसले. डॉक्टरानं आधी माझी नाडी धरली, मग म्हणाला, “यात विनोद कोठे आहे?”

विनोद कुठं आहे ते ओतूरला आधीच कळलं होतं. स्वातीनं मोठ्या हौसेनं ह्याच ब्लॉगवर ‘आमच्या आजीची ओवी ग्रीसला चालली’ असं टाकलं, दोन्ही ओळींसकट. ते ठकूच्या घरी वाचलं गेलं आणि तिच्या सुनेचा, मंदाचा, फोन आला. “मामी, सासूबाई म्हनल्यात, माझी ओळ मला परत आनून दे. तवर दारात पाय टाकायचा न्हाई. फोनबी करायचा न्हाई.”

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माझा नवरा गेला. जावा गेल्या. शेजारणींना ऐकू येईना. घरातले सगळे ‘आजी म्हणंल तसं’ म्हणतात, नातसून तर मी बोलायच्या आधीच हो म्हणते. मला उलटून बोलणारं सगळ्या मुलखात एकच तोंड उरलंय, आणि ते ओतूरला आहे. तेच बंद झालं तर मी काय भिंतीशी भांडू?

डॉक्टर म्हणाला, “मी हे पान रद्द करतो.” मी म्हणाले, “पान रद्द करून ठकू बोलाय लागनार हाय का? तू चल माझ्याबरोबर ओतूरला. तिच्या तोंडासमोर काय ते मिटव.” परवा त्याचं विमान होतं आणि पोचल्या पोचल्या पुस्तक छापायला जाणार होतं. म्हणजे हातात दोनच दिवस. स्वातीनं रजा टाकली, गाडीत हवा भरली, आणि सकाळी आम्ही निघालो. मी पुढं, डॉक्टर मागं आडवा, कारण सरळ बसला की टोपी छताला लागते.

निरगुडसरहून मंचरपर्यंतचा रस्ता बरा आहे, पण दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की ते बिचारे बिनघराचे होतात आणि रस्त्यावर येतात. रस्त्यात लघवीला वगैरे उतरलात तर मोठ्यानं बोलत राहायचं, एवढं लक्षात ठेवा. डॉक्टर एके ठिकाणी उतरला. त्याला सांगितलं, बोलत राहा. तो उसाकडं तोंड करून ग्रीक कविता म्हणायला लागला, हातवारे करून. बिबट्या काय आला न्हाई. मी असते तरी आले नसते.

मंचरहून हमरस्ता धरला की नारायणगाव लांब न्हाई. नारायणगावात मसाला दूध प्यायचं, ते प्याल्याशिवाय पुढं जाऊ नका. मिसळही चांगली मिळते, पण तिखट झेपतं का बघून घ्या. डॉक्टर म्हणाला मला झेपते. मग कानापासून टकलापर्यंत असा लाल झाला की शेजारच्या टेबलावरचा टोमॅटोचा व्यापारी म्हणाला, “पावणं, ह्या रंगाला आज मार्केटात चांगला भाव हाय.”

तिथून सरळ ओतूर गाठता आलं असतं. पण मी स्वातीला म्हणाले, खोडदवरून जाऊ, डॉक्टरला त्या मोठ्या छत्र्या दाखवू. खोडद उलट्या दिशेला आहे. स्वाती माझ्याकडं बघून म्हणाली, “आजी, तू घाबरलीस.” मी म्हणाले, “तू रस्त्याकडं बघ.” घाबरले होते. ठकूच्या तोंडाला मी कधी भ्याले न्हाई, पण ती बोललीच न्हाई तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

खोडदला कांद्याच्या वावरांच्या मधोमध त्या छत्र्या, म्हणजे स्वातीच्या भाषेत रेडिओ दुर्बिणी, उभ्या आहेत, लोखंडी जाळीच्या, देवळाच्या शिखरापेक्षा उंच, सगळ्या आभाळाकडं तोंड करून. आत जायचं तर आधी परवानगी लागते, तशी चौकशी करून जा. आम्ही रस्त्यावरूनच बघितल्या. शेतात एक बाई खुरपत होती, तिला डॉक्टरानं विचारलं, “ही यंत्रे नेमके काय कार्य करतात?” तिनं मान वर न करता सांगितलं, “आभाळातलं आयकत्यात. बोलत काय न्हाईत.” मी म्हणाले, जावई असावा तर असा. ती बाई जी हसली ती खुरपं टाकूनच. डॉक्टरानं लगेच खिशातनं गोळ्यांचं खोकं काढलं आणि काहीतरी खरडलं. माझं हे वाक्य ग्रीसला गेलं असणार. जाऊ दे, ते तर खरंच माझं आहे.

मुक्काम जुन्नरला केला. स्टँडच्या आसपास साध्या लॉज आहेत, चादर आधी बघून घ्यायची, गरम पाणी मिळतं का ते आधी विचारायचं, मग पैसे द्यायचे. जेवायला मासवडीच खायची. नावाला फसू नका, मासवडीत मासा नसतो. बेसनाची वळी, आत तीळ, खोबरं, लसूण, आणि वरून झणझणीत रस्सा. पुण्यात एका ताटाला जे मोजता त्यात इथं तिघं ढेकर देऊन उठतात. डॉक्टर बेटावरचा, त्यानं पहिला घास घेतला आणि मासा शोधत राहिला. तिसऱ्या घासाला शोधायचं सोडून दिलं.

खाता खाता तो म्हणाला, “हिराबाई, माझी आईदेखील जात्यावर बसत असे. आमच्याकडेही हातजाते होते. तीही गात असे.”

“कोनाबरोबर?”

“म्हणजे?”

“समोर कोन बसायचं तिच्या?”

त्यानं रश्श्याचा एक भुरका मारला. मग म्हणाला, “मावशी. कधी थोरली, कधी धाकटी. त्या दोघी मावश्यांचे आता एकमेकींशी बोलणे नाही.”

“बघ. तूबी भांडनाच्याच घरचा हायेस,” मी म्हणाले आणि त्याच्या ताटात आणखी एक वडी सोडली.

जेवून बाहेर आलो तर शेजारच्या बेकरीवाल्या रशीदभाईंनी गरम खारी पुढं केली आणि बाहेरदेशचा डॉक्टर आहे म्हटल्यावर पाय पुढं केला. “डाक्टरसाब, ये गुडघा बघा जरा, जिना उतरताना बोलतंय.” डॉक्टर खाली बसून गुडघा दाबायला लागला. तेवढ्यात बांगडीवाला आला, त्याच्या मागं रिक्षावाला आला, आणि बेकरीपुढं ही रांग लागली. डॉक्टर म्हणत होता, “मला येथे औषध देण्याचा अधिकार नाही, मी केवळ सल्ला देऊ शकतो.” रशीदभाई म्हणाले, “सल्लाच द्या ओ, औषधं काय, दुकानात मिळत्यात.” सगळ्यांना त्यानं मीठ कमी करा म्हणून सांगितलं. रिक्षावाल्याला कविता पण वाचून दाखवली, दंडाला पट्टा न बांधता. रिक्षावाला म्हणाला, “भाऊ, समजलं काय न्हाई, पन बरं वाटलं.” डॉक्टर रात्री झोपेपर्यंत हेच वाक्य सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी. लेणी बघायला डॉक्टर आणि स्वाती गेले, मी खालीच एका शेंगदाणेवालीजवळ बसले. त्यामुळं चढ कसा आहे, वाट निसरडी आहे का, हे मला विचारू नका, स्वातीनं मागं त्यावर लिहिलंय. शेंगदाणे मात्र चांगले होते, खारे घ्या.

दोघं परत आले ते डॉक्टर जवळजवळ नाचतच. जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांमधी दोन हजार वर्षांपूर्वी यवनांनी, म्हणजे ह्याच्याच मुलखाकडच्या लोकांनी, दान दिल्याचं दगडात कोरलंय. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंना जेवायला खोली दिली. “माझी माणसे, हिराबाई! येथे! त्यांनी येथे पाणी दिले!” शेंगदाणेवाली त्याच्याकडं बघत राहिली.

“त्यांनी पानी दिलं,” मी म्हणाले, “आन् तू भांडन घेऊन आलायस. चल, आता काय पुढं ढकलायला उरलं न्हाई. ओतूर.”

जुन्नरहून ओतूरला जायला तास पण लागत न्हाई. गाव मोठं, बाजारपेठेचं, कॉलेज, दुकानं, एसटी स्टँड, सगळं आहे. ठकूचं घर स्टँडच्या पुढं, दुमजली, पुढं पडवी. मी रस्त्यात दोनदा गाडी थांबवायला लावली, एकदा केळी घ्यायला आणि एकदा केळी चांगली आहेत का बघायला.

मंदानं दार उघडलं. ठकू पडवीत मेथी निवडत बसली होती. आमच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून बसली. माझ्याशी एक शब्द न्हाई. म्हणाली, “मंदे, पावण्यांना सांग, चा घेऊन जावा म्हनावं.”

मी म्हणाले, “मंदे, तुझ्या सासूला सांग, मागल्या खेपंला साखर घालायची ऱ्हायली व्हती.”

“मंदे, सांग तिला, काही लोकांना साखर दिऊन तोंड गोड व्हत न्हाई.”

मंदा बिचारी मधी उभी राहून इकडं तिकडं बघत होती, टेनिसच्या मॅचला बघतात तशी. मग डॉक्टर पुढं झाला, टोपी काढली, कमरेत वाकला. “आदरणीय ठकूबाई, माझ्याकडून आपल्या साहित्यकृतीबाबत जी चूक घडली—”

“ह्यो काय मुंजीचं आमंत्रन द्यायला आलाय का?” ठकू म्हणाली, पण मंदाला.

डॉक्टरानं पान काढलं आणि वाचलं. सौंदर्य पिठासारखं घरभर पसरलं, इथपर्यंत आला तशी ठकू गर्रकन वळली. “सौंदर्य? हिचं? आरशात बघत बसायची आन् पीठ भुईवर सांडायची म्हनून म्हनलं व्हतं मी. कुत्री येऊन चाटायची ते पीठ!”

“वन्सं, ओळ तुमचीच हाय. मी कवा न्हाई म्हनलं?” मी म्हणाले.

“तोंडानं हाय म्हनून माझी ओळ परत येती व्हय?” आणि पुन्हा पाठ. ताटातली मेथी उचलून ती सरळ आत स्वयंपाकघरात गेली.

मी डॉक्टरकडं बघितलं, डॉक्टर टोपीकडं बघत होता. संपलं, असं मला वाटलं. गुमान गाडीत बसावं आणि जावं. तेवढ्यात पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली जातं दिसलं. घरच्या लग्नात हळद दळायला ठेवलेलं. मी गोणपाट ओढलं, फडक्यानं जातं पुसलं, मंदाकडनं सूपभर ज्वारी मागितली आणि बसले. गुडघ्यांनी आवाज काढला, मी काढू दिला. घास घातला. पण समोर कोणीच न्हाई, आणि एकटीनं दोघींचं म्हणण्यातनंच तर हे सगळं झालं होतं.

तर डॉक्टर बसला समोर. लांबच्या लांब पाय दुमडून, गुडघे कानाला लावून, आणि खुंटा धरला. मी मोठ्यानं टाकली, स्वयंपाकघरात जाईल अशी:

*ओतूर गावात बाई, उंच माडी नणंदेची*

आणि थांबले. डॉक्टर म्हणाला, “आता?”

“आता काय? खुंटा तुझ्या हातात हाय. उत्तर तू द्यायचं. रीत म्हंजी रीत.”

डॉक्टरच्या कपाळाला घाम आला. डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग ह्या माणसानं, ज्याची पुस्तकं त्याच्या देशात लोक विकत घेतात, त्यानं चालीवर म्हटलं:

*तेथे आम्ही गेलो असता, चहाची व्यवस्था उत्तम होती*

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. ठकू उलथनं हातात घेऊन पडवीत आली. “अगं बाई बाई! माझ्या घरात, माझ्या जात्यावर, हे असलं? ऊठ. ऊठ रे डॉक्टरा. उठतोस का घालू डोक्यात!” डॉक्टर उठायच्या आतच तिनं त्याला बाजूला सारलं, बसली, खुंटा धरला आणि दिली फेकून:

*दारी आली भावजय, जीभ कातर शिंप्याची*

काय सांगू तुम्हाला. माझ्या अंगातनं असं काही सळसळलं की मी खुंटा सोडून टाळीच वाजवली. ठकू ओरडली, “खुंटा धर, हिरे! अजून तशीच मधीच सोडतीस.” आता घास तिचा, पहिली ओळ तिची. तिनं मूठ भरली:

*निरगुडसर गावी, घर माझिया बापाचं*

मी वाट बघायला थांबले न्हाई:

*किल्ली माझ्या कमरेला, बोल नणंदे मापाचं*

मंदानं पदर तोंडात कोंबला. स्वातीचा फोन हातातनं निसटला. ठकू आधी लाल झाली, मग तिचे खांदे हलायला लागले, मग सगळी ठकूच हलायला लागली. दोघी हसतोय, जातं गरगर फिरतंय, पीठ चहूकडं उडतंय आणि डॉक्टर पडवीत इकडून तिकडं धावतोय, लिहायला खोकं सापडेना म्हणून तळहातावर लिहितोय. ग्रीक भाषेत मोठ्यानं काहीतरी ओरडत होता. स्वाती म्हणाली, आजी, त्याचाच पारा चढलाय. मग आम्ही सुपातली सगळी ज्वारी संपवली. काय काय म्हटलं ते सगळं इथं लिहिता येणार न्हाई, हा ब्लॉग पोरंही वाचतात.

पीठ भरता भरता ठकूनं निकाल दिला. “माझं नाव घाल पुस्तकात.”

“अवश्य,” डॉक्टर म्हणाला. “हिराबाईंच्या ओळीखाली आपली ओळ, आणि खाली आपले—”

“खाली?” ठकूचं उलथनं परत वर गेलं. “हिच्या खाली? आमी जात्यावर एकीखाली एक बसतो का? समोरासमोर बसतो. तशीच छाप.”

डॉक्टरानं पान मधोमध दुमडलं, पुस्तकासारखं उघडलं, आणि ओरडला, “डावे पान हिराबाई! उजवे पान ठकूबाई! समोरासमोर!” वर्षभर आपण ह्या ओळी एकाखाली एक रचत होतो आणि म्हणूनच त्या एकीच्या वाटत होत्या, असं तो स्वतःलाच सांगत होता, आधी मराठीत, मग ग्रीकमधी. मग आम्हाला म्हणाला, पुस्तक उघडलं की तुम्ही दोघी समोरासमोर, आणि मिटलं की तोंडाला तोंड.

“मिटूच नका म्हनावं,” ठकू म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. “उजवीकडं मी का? उजवा मान कोनाचा? घरची लेक मी का ही?” “उजवीकडं तुमीच हाय, वन्सं,” मी म्हणाले. “मग ठीक हाय. पन पहिली ओळ तिची का?” ह्यावर जेवणापर्यंत भांडण चाललं. ज्वारीची गरम भाकरी, मेथीची भाजी, आणि पीठ कोणाच्या हातचं जास्त बारीक ह्यावर आणखी एक भांडण. इतकं गोड जेवण मी वर्षभरात जेवले न्हाई.

निघताना ठकू गाडीपर्यंत आली न्हाई, दारातच उभी राहिली. गाडी सुरू झाली तशी दारातनंच टाकली:

*गाडीत बसून गेली, भावजय गं मिरवीत*

आणि स्वातीनं गाडी पुढं काढली. मला उत्तरच सुचलं न्हाई. नारायणगाव गेलं, मंचर आलं, सुचलं न्हाई. डॉक्टर मागनं म्हणाला, मी प्रयत्न करू का? मी म्हणाले, तू तुझं मीठ सांभाळ. त्याला मंचरहून पुण्याच्या गाडीत बसवला. जाताना माझ्या पाया पडला, टोपी पडली, उचलताना डोकं गाडीच्या दाराला आपटलं, आणि हसत हसत गेला.

आता घरी येऊन काही दिवस झाले. जाण्यासारखं काय आहे, असं स्वातीच्या वाचणाऱ्यांनी विचारलंय. मासवडीसाठी जा. मसाला दुधासाठी जा. खोडदच्या छत्र्या बघा, फुकट आहे. शिवनेरीला जाल तर दगडातली नावं बघा, यवनांची पण आहेत. पण ज्याच्याशी भांडता येतं असं माणूस त्या बाजूला असेल तर आधी तिकडं जा, बाकीचं मग. मी उलटं केलं, एक दिवस फुकट गेला.

डॉक्टरचा तिकडून फोन आला. त्यानं आमची दोन पानं त्याच्या दोन मावश्यांसमोर ठेवली, एकीनं डावं वाचायचं, एकीनं उजवं. दुसरी ओळ झाली आणि पहिली मावशी म्हणाली, हे तू मलाच म्हणालीस. दुसरी म्हणाली, मग काय दगडाला म्हणाले? एवढं बोलणं त्यांचं किती दिवसांनी झालं ते त्याला सांगता येईना, नुसता हसत होता. पुस्तक छापायला गेलंय. तो म्हणाला, दोघी मावश्यांचा पारा मोजला असता तर यंत्र फुटलं असतं.

माझ्याकडं मात्र ठकूची ओळ तशीच पडून राहिली होती. मला उत्तर सुचत न्हाई ही बातमी स्वातीनं फोडल्यावर जो तो उत्तरं पाठवायला लागला. स्वातीनं दोन केली. रशीदभाईंनी एक पाठवली, त्यात खारी होती. डॉक्टरानं पाठवली, ती मी वाचलीच न्हाई. काल भाकऱ्या थापताना माझी मला सापडली:

*नणंद दारात उभी, चोरून डोळं पुशीत*

ठकू म्हणेल पीठ गेलं होतं डोळ्यात. मी गाडीच्या आरशात बघितलंय.

आता घास माझा. ही पुढची ओळ, वन्सं, मंदाकडनं वाचून घ्या:

*सण आला संक्रांतीचा, कोणी जावं कोणापाशी*

ह्याचं उत्तर खाली कोणी लिहायचं न्हाई. स्वातीनं न्हाई, मंदानं न्हाई, रशीदभाईंनी न्हाई, आणि ग्रीसवाल्या डॉक्टरानं तर पेनाला हात पण लावायचा न्हाई. खुंटा तुमच्या हातात आहे, वन्सं. उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि फोनवर न्हाई, माझ्या दारात येऊन द्यायचं.